वाजणाऱ्या वाटेचा अंदाज

मला अजूनही दुपारी डोळा लागला की गिट्टी उतरताना दिसते. टिप्परचा मागचा फळका उघडतो, हौदा हळूहळू वर उठतो आणि काळीनिळी गिट्टी घसरत खाली येते. स्वप्नात तिचा आवाज होत नाही, धूळही उडत नाही. ढीग मात्र वाढत जातो, आणि मी बाजूला उभा राहून तो कुठे थांबतो ते बघत असतो. मनात धरलेल्या ठिकाणी तो बरोबर थांबला की मला जाग येते. बायको म्हणते, "रिटायर झाले की अजून डबल ड्यूटी करून राहिले तुमी?" तिला काय सांगायचं! ज्यानं सारा जन्म रिकाम्या जागेकडे पाहून तिथे अजून न आलेला ढीग पाहिला, त्याला झोपेत तरी दुसरं काय दिसणार?

अमरावतीला एका गिट्टी-मुरूम पुरवणाऱ्या यार्डात मी अंदाज सांगायचं काम केलं. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी म्हणायचो, "अंदाज सांगतो." लोकांना मी हवामान खात्यातला वाटायचो आणि ते लगेच पावसाचं विचारायचे. मग समजावून सांगावं लागे. कोणाला घरासमोर गाडीचा रस्ता करायचा असतो, कोणाला बागेत पायवाट, कोणाला शेतातल्या घरापर्यंत टिकेल अशी वाट. त्याला किती गिट्टी लागेल, किती मुरूम, किती चुरी, हे जागेवर जाऊन सांगायचं. कमी सांगितली तर काम अर्ध्यात अडतं. जास्त सांगितली तर उरलेला ढीग वर्षभर दारात पडून राहतो, आणि येणारा-जाणारा त्या घरधन्याला विचारतो, "काहून जी, अजून काही बांधायचं आहे का?"

हिशेब तसा सोपा आहे. आमच्याकडे माल ब्रासात मोजतात, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही फुटांत घ्या, गुणा आणि शंभरानं भागा. शंभर फूट लांब, दहा फूट रुंद, अर्धा फूट जाड, झाले पाच ब्रास. हे आता मोबाइलही सांगतो. आमचे शेठजी शेवटी शेवटी मला चिडवायचे, "मधुभाऊ, तुमचं काम तर आता पोराच्या फोनमध्ये आलं." मी म्हणायचो, "शेठजी, फोनला म्हणा, जरा जागेवर जाऊन उभा राह्य."

कारण जमीन कागदावरच्यासारखी वागत नाही. रोलर फिरला की गिट्टी बसते, म्हणून चौथा हिस्सा जास्त धरावा लागतो. आणि आमची काळी माती तर खाते. उन्हाळ्यात ती तडकते. भेग अशी पडते की आत चप्पल गेली तर खांद्यापर्यंत हात घालून काढावी लागते. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वर टाकलेलं सगळं हळूहळू आत ओढलं जातं. नव्या माणसाला वाटतं गिट्टी चोरीला गेली. ती तिथेच असते, फक्त हातभर खाली.

भातकुलीच्या पुढे खारपाणपट्टा लागतो. पाणी खारट, माती खोल, आणि दगड म्हणून डोळ्याला पडत नाही. अंगावर कुत्रं धावून आलं तर ढेकूळ उचलावं लागतं, खडा सापडत नाही. अशा गावात गिट्टीचा ढीग पडला की आधी म्हाताऱ्या येतात. पदरात चार खडे नेतात, रांजणाखाली मांडायला. मग कोणी तुळशीच्या ओट्याभोवती लावायला नेतो, कोणी दारातल्या चिखलात टाकायला. यात चोरी कोणालाच वाटत नाही. लग्नघरी गेल्यावर ताटातला एक लाडू उचलावा, तसंच ते असतं. पहिल्यांदा मी रागावलो होतो. मग तोही वाटा धरू लागलो. दबाईचा, मातीचा आणि गावाचा, असे तीन वाटे वर टाकल्याशिवाय त्या पट्ट्यात मी आकडा सांगितला नाही.

आता हे सगळं मला फार गंभीरपणे करता येत असे असं समजू नका. माझं लक्ष कुठल्या कुठे जायचं. एकदा बायकोबरोबर कौंडण्यपूरला गेलो होतो. देवदर्शन झालं, वर्धेच्या काठी फडकं पसरून बसलो. पलीकडच्या काठावर एक भला मोठा ढग येऊन थांबला होता, अगदी टिप्परमधून नुकता उतरवल्यासारखा. मी त्याच्याकडे इतका वेळ टक लावून बसलो की बायकोला वाटलं, यांच्या मनात देवाचं काही आलं. "काय पाहून राहिले?" तिनं हळूच विचारलं. मी म्हणालो, "हा ढग किती ब्रास असन?" ती म्हणाली, "ढग मोजू नोका. धपाटे थंडे होऊन राहिले."

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. नांदगाव खंडेश्वरचे एक जमीनदार टेपवर विश्वास ठेवत नसत. स्वतःच्या पावलांनी मोजायचे आणि दर वेळी पावलं वेगळी पडली की माझ्यावरच डोळे वटारायचे. अमरावतीत कॅम्पातल्या एका वकिलांना बंगल्याभोवती गिट्टी हवी होती, चोराची चाहूल लागावी म्हणून. चोर काही आला नाही. त्यांचा मुलगा उशिरा घरी येतो हे मात्र वकीलसाहेबांना कळलं, आणि महिन्याभरात त्यानं बापाला विचारून वाटेवर फरशी बसवून घेतली. गिट्टीचा आवाज ही गोष्ट मी तोवर थट्टेतच धरत होतो.

एका चैत्रात यार्डात फोन आला. पलीकडचा आवाज म्हातारा, पण खणखणीत. "मले वाजणारी गिट्टी पायजे. तुमच्याकडे कोणाले समजते का त्यातलं?"

शेठजींनी फोन माझ्याकडे दिला, कारण असली कामं माझीच.

घर भातकुलीच्या पुढे, खारपाणपट्ट्यात, गावाबाहेर शेतातच. फोन करणारे बापूराव दारात खुर्ची टाकून बसले होते. साऱ्या जिनिंगवाल्यांत त्यांचं नाव होतं. कापूस पारखायचे. मूठभर कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायचे, आणि त्यांच्या शब्दावर सौदे होत. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. उजेड आहे की अंधार, इतकंच कळायचं. बायको वारलेली. गावातली एक बाई येऊन स्वयंपाक करून जायची, शेत शेजाऱ्याला वाहायला दिलेलं. दारापासून फाटकापर्यंत खुंट्या ठोकून एक निळी नायलॉनची दोरी बांधली होती.

"ही दोरी पाहून राहिला का तू?" त्यांनी विचारलं. "माह्या लेकीनं बांधली. बैलावानी बांधलं मले."

लेक कुंदा त्या दिवशी तिथेच होती. चाळिशीतली बाई, अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहायची. ती आतून चहा घेऊन आली आणि माझ्याशीच बोलायला लागली.

"काका, मागच्या महिन्यात हे नालीत पडले. कोणाले पत्ता नाई. बाई आली तवा दिसले. दोरी धराले लाज वाटते यायले. मी सांगून ठेवलं, पोळ्यापर्यंत पाहतो. तोवर एकटे फिरले, पडले नाई, तं राहा इथीसा. नाई तं मी अकोल्याले घेऊन जातो."

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?" बापू म्हणाले. "तथी जमीनच नाई."

कुंदाचे डोळे भरले होते. बापूंना ते दिसलं नाही. मला दिसलं, आणि तेव्हापासून हे काम माझ्यासाठी इतर कामांसारखं राहिलं नाही.

बापूंच्या डोक्यात वाटेचं चित्र पक्कं होतं. घरापासून दोन वाटा काढायच्या. एक फाटकाकडे, दुसरी बांधावरच्या कडुनिंबाकडे, जिथे ते संध्याकाळी बसत. दोन्हींचा आवाज वेगळा हवा, म्हणजे पाऊल पडताच कळेल आपण कुठे चाललो. वाट सोडून मातीत पाय पडला तर आवाज बंद होईल, म्हणजे मागे फिरायचं.

"डोये गेले तं गेले, पाय तं आहेत," ते म्हणाले. "आता तू सांग, किती गिट्टी लागन?"

मी लांबी-रुंदी घेतली आणि रिकाम्या जागेकडे पाहिलं. मला ढीग दिसेना. आयुष्यात पहिल्यांदाच. आवाजाची जाडी किती धरायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी चार पोती घेऊन गेलो. चाळीस एमएम, म्हणजे लिंबाएवढी गिट्टी. वीस एमएम, सुपारीएवढी. बारा एमएम, हरभऱ्याहून थोडी मोठी. आणि चुरी, म्हणजे दगडाचा भुगा. अंगणात एकेक पोतं पसरलं. बापू वहाणा घालून त्यावरून चालले. चाळीसवर त्यांचा पाय मुरगळता मुरगळता वाचला. "हे पाडन मले," ते म्हणाले. चुरीवरून गेले आणि तोंड वाकडं केलं, "हे तं मुकं आहे." वीसवर पाय ठेवला तसे थांबले, पुन्हा ठेवला. "हे बोलते." बाराच्या पट्ट्यावर बराच वेळ इकडून तिकडे गेले आणि म्हणाले, "हे कुजबुजते. हे कडुनिंबाकडे टाक."

मग जाडीची पाळी. एक बोट जाडीवर पाय खालच्या जमिनीला लागायचा आणि आवाज तुटायचा. चार बोटं केली तर पाऊल रुतायचं, तोल जायचा. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला तेव्हा त्यांना पडायची किती भीती आहे ते मला कळलं. दोन बोटांवर सगळं जमलं.

"आता तू चाल," ते म्हणाले. "डोये मिटून."

मी डोळे मिटले. चैत्राचं ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं. पाऊल टाकलं, आणि माझं चालणं मलाच ऐकू आलं. मी उजव्या पायावर जरा जोर देतो, टाच आधी टेकवतो, वळताना थबकतो. साठीला आलेला माणूस मी, इतकी वर्षं स्वतःबरोबर चालत होतो आणि हे कधी ऐकलं नव्हतं. दुरून होल्याचा आवाज येत होता. पट्टा संपला, पाय मातीत पडला, आणि एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत मला क्षणभर खरंच कळेना मी कुठे उभा आहे. डोळे उघडले तर बापू हसत होते.

"समजलं?"

समजलं होतं. अंदाजही लागला होता. खाली मुरूम घालायचा, तो पाणी मारून, रोलर फिरवून पक्का दाबायचा, म्हणजे काळी माती वरची गिट्टी खाणार नाही. वर दोन बोटं गिट्टी मोकळी सोडायची. कडेनं उभ्या विटा, म्हणजे ती पसरणार नाही. जन्मभर मी दबाईचा चौथा हिस्सा वर टाकत आलो, इथे वरच्या थराला दबाई शून्य धरायची होती. गावाचा वाटा तेवढा धरला.

वैशाखात काम सुरू झालं. काळी माती हातभर खोल काढली, भेगा मुरमानं भरल्या. रोलरवर रज्जाक होता. आमच्या यार्डाचा जुना माणूस, हाताचा इतका पक्का की त्यानं दाबलेल्या रस्त्यावर पाण्याचा थेंब थांबत नसे. मुरूम त्यानं सुरेख बसवला. दुसऱ्या दिवशी गिट्टी पसरून झाली आणि मी भातकुलीला विटांचं बघायला गेलो. परत आलो तो फाटकापाशीच थांबलो. दोन्ही वाटा चकचकीत, सपाट, ओल्या. रज्जाक रोलर पुसत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मोकळी गिट्टी टाकून निघून जाणं त्याच्या मनाला पटलंच नव्हतं.

"मधुभाऊ, बाबा अंधे हैं ना," तो म्हणाला. "सोचा, बिल्कुल डांबरी जैसा कर देता हूँ. ठोकर नहीं लगेगी."

तेवढ्यात बापू दारातून खाली उतरले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. वाट गप्प. त्यांनी पाय आपटून पाहिला. मग अंदाजानं पुढे गेले, वाटेची कड कुठे ते कळलं नाही, अडखळले आणि रज्जाकनं धावत जाऊन त्यांना धरलं.

"आवाज कोठी गेला गा?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं तेव्हा रज्जाक डोक्याला हात लावून खाली बसला. "मैंने तो रास्ते की जबान ही बंद कर दी."

बापूंनीच त्याची समजूत काढली. म्हणाले, "तू चांगलंच केलं बापा. चांगलं काम कराची सवय सुटत नाई." मग टिकास आणि दाताळं घेऊन आम्ही सगळे भिडलो. दाबलेली गिट्टी उकरायची म्हणजे जिवावरचं काम. निम्मी तर मुरमातच रुतून बसली होती. रज्जाकनं आपल्या हातानं जितकी उकरली तितकी दोघा मजुरांनीही उकरली नसेल. माझा अंदाज अर्थातच कोसळला. अजून गिट्टी मागवावी लागली. शेठजींनी फोनवर विचारलं, "तुम्ही आणि कमी सांगितलं?" मी म्हणालो, "माणसाचा वाटा धरायचा राहिला." आणि फोन ठेवला.

नवी गिट्टी पडली आणि वाटा बोलू लागल्या. कुंदानं बांधलेली निळी दोरी बापूंनी स्वतः सोडली, गुंडाळून खुंटीला टांगली.

पावसाळ्यात माझा जीव टांगलेला होता. काळ्या मातीचा भरवसा नसतो. आखाडात त्यांचा फोन आला. "मधू, फाटकाच्या वाटेचा घसा बसला गा." गेलो. गिट्टी खाली गेली नव्हती, मुरूम पक्का होता. पण दोन्ही बाजूंची माती पावसानं वाहून गिट्टीत भरली होती, आणि चिखलात खडे मुके झाले होते. इथे गिट्टी वाढवून काही उपयोग नव्हता. दोन्ही अंगांनी नाली काढली, दाताळ्यानं गिट्टी खालीवर केली, पाण्यानं धुतली. स्वयंपाकाची बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "अशी तं मी भांडीबी घासत नाई," ती म्हणाली. वाट पुन्हा बोलायला लागली. मी दर आठ-दहा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून त्या बाजूला जाऊ लागलो. शेठजींना ठाऊक होतं, पण ते काही म्हणाले नाहीत.

श्रावणभर बापू एकटे फिरले. सकाळी फाटकापर्यंत, संध्याकाळी कडुनिंबापर्यंत. कुंदा फोन करायची, तोही व्हिडिओ कॉल. बापूंना त्यात काय दिसणार? ते फोन कानाला लावायचे आणि तिच्या मोबाइलवर त्यांचा कान दिसायचा. "मी मजेत आहो," ती म्हणायची. "मीबी मजेत," हे म्हणायचे. एवढंच.

पोळ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. शेजाऱ्यानं सजवलेली जोडी दारात आणली. बैल फाटकातून आत आले तशी गिट्टी दणदणली, आणि बापू दारातूनच म्हणाले, "उजवा नवा घेतला वाटते. खूर हलका पडते त्याचा." शेजारी बघतच राहिला. मला तर गगन ठेंगणं झालं. आता कुंदा आली की तिला दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. ती जिंकू नये, बापू जिंकावेत, असं मी अगदी लहान पोरासारखं मनात धरलं होतं.

दुपारी ती आली. ऑटो फाटकाबाहेर थांबला. बापू उठले. मी हात पुढे केला नाही, मुद्दामच. ते पायऱ्या उतरले आणि वाटेला लागले. पाठ सरळ, हात मोकळे, पावलं एका लयीत. पलीकडून कुंदा फाटक उघडून आत आली. तिनं बापाला एकट्याला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ती भरभर चालायला लागली.

बापू मध्येच थांबले. मान जराशी कलती करून ऐकत राहिले.

"कुंदा," ते म्हणाले, "गुडघा कधीपासून दुखून राहिला?"

"कोणाचा? नाई तं."

"एक पाय पुरा पडते. दुसरा घसटते. दुरून ऐकून राहिलो मी."

ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "उभं राहून राहून होते बाबा. नर्सचं कामच तसं. काही नाई ते."

"आन तीन मजले?"

तिची पिशवी खाली गिट्टीवर ठेवली गेली, तोही आवाज आला.

"दिवसातून किती खेपा चढतं?" बापूंनी विचारलं. "पाणी, भाजी, सिलिंडर, कोण आणते वर?"

तिनं तोंडाला पदर लावला. बापूंनी दोन पावलं टाकली, हात पुढे करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. मी आणि शेजारी उगाच बैलांकडे बघत राहिलो.

जेवताना पुरणपोळीवर तूप वाढता वाढता कुंदाच म्हणाली, "बाबा, तुमी राहा इथीसा. मी पाहिलं न. मी आता जबरदस्ती नाई करत." मी मनात टाळी वाजवली. बापूंनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी येतो अकोल्याले."

मला राग आला. खरंच राग आला, आणि मी तो लपवला नाही. कुंदा आत गेल्यावर म्हणालो, "बापू, मंग हे सारं कशाले केलं? माती काढली, मुरूम दाबला, उकरला, धुतला! तुमाले राहता यावं म्हणून न?"

"तूच तं केलं," ते शांतपणे म्हणाले. "हे वाजलं नसतं तं मले काय समजलं असतं? मी इथी मजेत बसलो असतो. ती तथी मजेत आहो म्हणत राह्यली असती."

माझ्या हातचं सगळ्यात अचूक काम ते. आणि त्यानंच माणूस घरातून नेला. परतीच्या रस्त्यावर मी मोटारसायकल चालवत होतो, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी हिरवी झालेली, आणि मला रडू येत होतं. त्यांच्यासाठी की माझ्या वाटेसाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आठ-पंधरा दिवसांनी अकोल्याहून फोन. आवाज तसाच खणखणीत. "मधू, एक अंदाज सांग. हिच्या दारात आत आल्याबरोबर दोन फूट बाय दीड फुटाची जागा आहे. किती गिट्टी लागन?"

"बापू, तिसऱ्या मजल्यावर?"

"तू आकडा सांग."

मी हसलो. मग डोळे मिटले, आणि ढीग दिसला. इतका लहान ढीग मी कधी पाहिला नव्हता. दीड घमेलं.

ते दीड घमेलं मी थैलीत भरलं, वीस एमएमची, निवडून, धुऊन. आयुष्यभर टिप्परनं माल पाठवणारा मी, मांडीवर थैली घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे जी?" गिट्टी म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि पुढे गेला. अकोल्यात उतरून ती थैली तीन मजले वर नेताना कुंदा रोज काय चढते ते माझ्या मांड्यांना समजलं.

बापूंनी दार उघडलं. घर लहान, पण त्यांनी ते पाठ करून टाकलं होतं. भिंतीला हात न लावता मला खुर्ची दिली. कुंदाला जिना चढून काही वर आणावं लागू नये म्हणून खालच्या किराणावाल्याशी त्यांनी दोरीला टोपली बांधून संधान जुळवलं होतं. तिच्या गुडघ्याला तेल लावायचं कामही त्यांचंच. आम्ही दाराच्या आत लाकडी पाट्यांची चौकट ठेवली, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि गिट्टी ओतली. बापूंनी हात फिरवून दोन बोटं जाडी तपासली.

"कुंदा रागावन," मी म्हणालो. "घरात गिट्टी टाकली म्हणून."

"रागावू दे. बोलते तवा खोटं बोलते. पायानं बोलू दे."

आम्ही बसलो. ऊन कलत होतं, खिडकीतून खालच्या रस्त्याचा गोंगाट येत होता, आणि बापू त्यातून काहीतरी वेगळं ऐकत असल्यासारखे स्तब्ध होते. माझाही डोळा लागत आला होता. मग जिन्यात पावलं वाजली, कुलपात किल्ली फिरली, आणि कुंदानं न बघता आत पाऊल टाकलं. गिट्टी करकरली. एक पाऊल पुरं. दुसरं घसटत, पोळ्याच्या दिवसापेक्षा जास्त.

"हे काय बाबा!" ती दचकून म्हणाली.

बापू उठले, तीन पावलं चालत गेले, आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवून म्हणाले, "तू बस."

ती बसली.